माणसांची भिंत

फार्स म्हणजे दारे, लपवालपवी आणि क्षणोक्षणी वाढत जाणारा गोंधळ यांवर उभे राहणारे प्रहसन. ब्रिटिश नाटककार जो ऑर्टन याने १९६०च्या दशकात 'लूट'सारख्या नाटकांतून पोलीस, धर्माचार आणि मरणाभोवतीचा शिष्टाचार यांची टर उडवण्यासाठी हा प्रकार हत्यारासारखा वापरला. मराठीत या धारदार विनोदाचे सख्खे नाते विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'शी लागते. रचनेने ते फार्स नव्हे आणि त्याचा शेवट रक्तरंजित आहे. मात्र प्रतिष्ठितांचे सोंग भर रंगमंचावर उतरवण्याची त्याची रीत तीच आहे.

उत्तर पेशवाईत घडणारे हे नाटक १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, म्हणजेच 'पीडीए', या संस्थेने जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली सादर केले. ऑर्टनकडे जे काम दारे करतात, ते येथे एका रांगेत उभे राहून डोलणारे, गाणारे ब्राह्मण करतात. कोकणातील 'खेळे' या लोकनाट्याच्या धर्तीवरची ही माणसांची भिंत प्रेक्षकांकडे पाठ फिरवते तेव्हा पडदा होते, फुटते तेव्हा तिच्याआड चाललेले सारे उघडे पडते. रात्री लगबगीने निघालेल्या ब्राह्मणाला सूत्रधार हटकतो, तो देवळाचे, कीर्तनाचे नाव पुढे करतो आणि अखेर त्याची वाट बावनखणीकडे, म्हणजे कलावंतिणींच्या वस्तीकडे, वळते. भास्कर चंदावरकरांच्या संगीतात भजन आणि लावणी इतकी लगटून येतात की भक्ती कोठे संपली, हे ऐकणाऱ्याला सांगता येऊ नये. या नाटकाचे खरे बळ येथे आहे, कारण सत्तेला आडोसा देणारी भिंत दगडविटांची नसून शहरातल्या सभ्य माणसांची असते, हे ते भाषणाविना दाखवते.

ब्रिटनमध्ये नाटकांना आधी राजदरबारातील अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागे आणि ती पद्धत १९६८ साली रद्द झाली; 'घाशीराम' मात्र १९ प्रयोगांनंतर थांबले ते संस्थेच्याच निर्णयाने. पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस यांची आणि ब्राह्मण समाजाची बदनामी होते, हा आक्षेप होता. इतिहासातील नानांचे कर्तृत्व मोठे होते आणि ते मानणाऱ्यांची वेदनाही खोटी नव्हती. परंतु नाटक चरित्र सांगत नव्हते, अधिकार माणसे कशी घडवतो आणि वापरून टाकतो, हे सांगत होते. पीडीएतून बाहेर पडलेल्या कलावंतांनी १९७३ साली थिएटर अकॅडमी स्थापन केली, १९७४ मध्ये प्रयोग पुन्हा सुरू झाले आणि १९८० साली विरोधाला तोंड देत नाटक युरोपात पोहोचले.

नाटकातील नाना घाशीराम या परप्रांतीय ब्राह्मणाला पुण्याची कोतवाली देतात ती त्याची मुलगी मिळवण्यासाठी, आणि पापाचे खापर फोडायला कोणीतरी हाताशी असावे म्हणूनही. पुढे जमाव चिडतो, तेव्हा तेच त्याला जमावाच्या हवाली करतात. घाशीराम ठेचला जातो, नाना तीन दिवस उत्सवाची आज्ञा देतात, आणि तीच माणसे पुन्हा रांगेत येऊन गाऊ लागतात.