आपल्या नदीचं पहिलं पाणी : आंबोलीची पायपीट, बारा फोटो आणि मुलांचे तीन प्रश्न



माझी शाळा गडहिंग्लज तालुक्यात, हिरण्यकेशी नदीपासून चालत दहा मिनिटांवर आहे. मी चौथीला शिकवतो. 'आपली नदी कोठून येते?' असं विचारलं की मुलं पाठ केल्यासारखं उत्तर देतात, "आंबोलीहून." पण आंबोलीला ती दिसते कशी, हे वर्गात कोणी पाहिलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीसुद्धा घाटातून एसटीने जाता-येताच पाहिलं होतं. म्हणून सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी आम्ही तिघे शिक्षक एक दिवसाची पायपीट करायला आंबोलीला गेलो. नदी, ओढे आणि धबधबे यांचे फोटो काढून सोमवारी वर्गात दाखवायचे, एवढाच बेत होता.

फोटो निघाले. पण त्या दिवसात मला माझी स्वतःची एक चूक सापडली. अनेक वर्षं मी मुलांना एक गोष्ट अर्धवट शिकवत होतो आणि ती अर्धवट माहिती नदीकाठच्या मुलांना धोक्याची ठरू शकते. ती तुमच्यापर्यंत पोहोचावी म्हणून हा लेख.

आंबोली एवढी हिरवी का?

आंबोली सिंधुदुर्ग जिल्ह्यात, सावंतवाडी तालुक्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर साधारण ६९० मीटर उंचीवर आहे. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे इथे डोंगराला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि पाऊस पाडतात. वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मुलांना हा आकडा कळत नाही. त्यांना असं सांगा : सात हजार मिलिमीटर म्हणजे सात मीटर. वर्षभराचं पाणी वाहून न जाता साठून राहिलं असतं, तर आपली एकमजली शाळा छपरासकट बुडाली असती.

पावसाबरोबर धुकंही असतं. जंगलात शिरलं की झाडांच्या खोडांवर, फांद्यांवर, दगडांवर, जुन्या गडग्यांवर हिरवी मखमल चढलेली दिसते. तिथे उन्हाची तिरीप क्वचित पोहोचते. पायाखाली कुजलेला पालापाचोळा आणि कानात सतत पाण्याचा आवाज. जळवाही असतात, हे आधीच सांगून ठेवतो.

फोटो काढताना शिकलेलं

माझ्याकडे साधा मोबाईल, सोबतच्या सरांकडे कॅमेरा आणि तिपाई. वाहत्या पाण्याचा फोटो काढताना एकच गोष्ट समजून घ्यायची : कॅमेऱ्याचा पडदा किती वेळ उघडा राहतो. त्याला शटर स्पीड म्हणतात.

* सेकंदाचा १/१००० भाग उघडा ठेवला, तर उडणारा प्रत्येक थेंब हवेत थिजल्यासारखा दिसतो.
* १/६० ठेवला, तर पाणी डोळ्यांना दिसतं साधारण तसंच, थोडं पुसट येतं.
* अर्धा किंवा एक सेकंद ठेवला, तर पाणी दुधाच्या धारेसारखं, रेशमी दिसतं. दगड आणि झाडं मात्र स्थिर असल्यामुळे स्पष्ट येतात.

तिसऱ्या प्रकाराला हात चालत नाही, थोडा हलतोच. तिपाई नसेल तर मोबाईल दप्तरावर टेकवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबताना बसणारा धक्काही टळतो. बऱ्याच मोबाईलमध्ये 'प्रो' नावाची सोय असते, त्यात शटरचा वेळ बदलता येतो. ढगाळ हवा अशा फोटोंना चांगली. कडक उन्हात पाणी भगभगीत पांढरं आणि झाडी काळी येते. भिंगावर तुषार बसतात, म्हणून खिशात कोरडा सुती रुमाल हवा. प्रत्येक फोटोत मापासाठी एक छत्री ठेवा, नाहीतर मुलांना धबधबा किती मोठा ते कळत नाही.

आम्ही एकाच ओढ्याचे तिन्ही प्रकारे फोटो काढले. सोमवारी ते शेजारी शेजारी दाखवले, तेव्हा पहिला प्रश्न आला.

प्रश्न पहिला : "सर, पाण्याला रंग नसतोय म्हणता, मग धबधबा पांढरा कसा?"

प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर १/१००० च्या फोटोत दिसतं. त्या फोटोत पांढरी धार नाही, हजारो सुटे थेंब आणि हवेचे बुडबुडे आहेत. पाणी कोसळताना हवेशी मिसळतं. प्रत्येक थेंबाच्या आणि बुडबुड्याच्या पृष्ठभागावरून प्रकाश सगळ्या दिशांना विखुरतो. प्रकाशातले सगळे रंग सारखेच विखुरतात, म्हणून आपल्याला पांढरं दिसतं. साबणाचा फेस, कुटलेला बर्फ, मीठ यांचंही तेच. काचेचा पारदर्शक तुकडा बारीक कुटला तर पूड पांढरी दिसते (हे फक्त सांगा, करून दाखवू नका). वर्गात पारदर्शक बाटलीत पाणी आणि दोन थेंब साबण घालून हलवलं तरी पुरे.

प्रश्न दुसरा : "शेवाळ बुळबुळीत असतंय की. मग हे लोकरीसारखं का दिसतंय?"

हा प्रश्न एका मुलीने खोडाचा जवळून काढलेला फोटो पाहून विचारला. मी थोडा गप्प झालो, कारण त्याचं उत्तर मला आदल्याच दिवशी गुडघ्यावर मिळालं होतं.

झालं असं. एक ओढा ओलांडायचा होता. समोर दोन दगड होते. एकावर हिरवी मखमल, दुसरा काळा, स्वच्छ, नुसता ओला. मी वर्गात नेहमी सांगतो, 'हिरवं दिसलं की शेवाळ, शेवाळ म्हणजे निसरडं.' त्या हिशेबाने हिरवा दगड टाळला आणि काळ्यावर पाय दिला. पाय असा सटकला की गुडघ्यावरच आपटलो. सोबतच्या सरांनी दंड धरला म्हणून पाण्यात गेलो नाही. वाट दाखवायला आलेले गावातले काका म्हणाले, "थंय पाय ठेवू नकात, गुरुजी. काळो दगडच फसवता."

घरी येऊन फोटो मोठे करून पाहिले आणि पुस्तकं काढली. तेव्हा लक्षात आलं की आपण बोलताना 'शेवाळ' हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरतो, आणि तिसरी गोष्टही त्यातच ढकलतो.

१. शैवाल. पाण्यात किंवा सतत ओल्या जागी वाढणारं. याला मूळ, खोड, पान नसतं. हौदात, गटारीच्या कडेला, नदीच्या घाटाच्या पायऱ्यांवर असतं ते हे. दगडावर शैवाल आणि इतर सूक्ष्मजीव मिळून पातळ चिकट थर करतात. हा थर हिरवा असतो, तसाच तपकिरी किंवा काळपटही असतो. कधी तो दिसतच नाही, दगड नुसता ओला वाटतो. मी घसरलो तो यावरून.

२. मॉस. मखमलीसारखं दिसतं ते. ही जमिनीवरची छोटी वनस्पती आहे. जवळून पाहिलं तर इवल्याशा दांडीवर इवलीशी पानं दिसतात. खरी मुळं नसतात, दगडाला धरून ठेवणारे धाग्यासारखे मूलाभ असतात. पाणी वर नेणाऱ्या नळ्याही नसतात, म्हणून मॉस उंच वाढू शकत नाही आणि बहुतेक पाणी थेट पानांनी शोषतं. फुलं, बिया येत नाहीत. वर बारीक काडीवर टोपीसारखी कुपी येते, तिच्यातून बीजाणू उडतात. प्रजननासाठी पाण्याचा थर लागतो, म्हणून माध्यमिकच्या विज्ञानात या गटाला वनस्पतीसृष्टीचे उभयचर म्हणतात.

३. दगडफूल. हो, आपल्या मसाल्यातलंच! खोडावर आणि दगडावर राखाडी-हिरवट, कडेला कुरळं झालेलं दिसतं. ही एकटी वनस्पती नाही. बुरशी आणि शैवाल यांनी मिळून केलेला संसार आहे. बुरशी घर बांधते आणि ओल धरते, शैवाल उजेडात अन्न तयार करतं.

मग मॉसवर बिनधास्त पाय द्यायचा का? अजिबात नाही. मॉसची पकड वरवरची असते, वजन पडलं की अख्खा तुकडा सालीसारखा सुटतो आणि आपणही त्याच्याबरोबर जातो. शिवाय कित्येक वर्षांत वाढलेली मखमल एका बुटाने निघते. मुद्दा एवढाच की 'हिरवं म्हणजे निसरडं' हे वाक्य अपुरं आहे. ओला दगड, कोणत्याही रंगाचा, निसरडा समजायचा. आमच्या गावची मुलं उन्हाळ्यात नदीवर पोहायला जातात, घाटाच्या पायऱ्या उतरतात. त्यांना हे वाक्य धड्यातल्या कुठल्याही व्याख्येआधी यायला हवं. सोमवारी मी वर्गात सरळ सांगितलं, "मी तुम्हाला अर्धवट शिकवलं होतं. आज दुरुस्त करूया." मुलांना गंमत वाटली. पण वाक्य लक्षात राहिलं.

प्रश्न तिसरा : "एवढं सगळं पाणी आपल्याकडंच येतंय?"

नाही, आणि हे आंबोलीत फार सुंदर समजतं. सकाळी आम्ही हिरण्यकेशीच्या देवळाजवळ होतो. तिथे गुहेतून पाणी बाहेर येतं, तीच आपली नदी. हा फोटो पाहून एकजण म्हणाला, "ही आपली नदी? एवढुशी?" हे पाणी पूर्वेला आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत घटप्रभेला मिळतं, घटप्रभा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. दुपारी आम्ही घाटातल्या प्रसिद्ध धबधब्यापाशी गेलो. ते पाणी पश्चिमेला कोकणात उतरतं आणि अरबी समुद्राला जातं. दोन्ही ठिकाणांत काही किलोमीटरचंच अंतर! एकाच ढगातून पडलेले दोन थेंब, एक या उतारावर, एक त्या उतारावर, आणि दोघांची गाठ पुन्हा पडत नाही. डोंगराच्या ज्या रेषेवरून पाणी असं वाटलं जातं तिला जलविभाजक म्हणतात. सह्याद्रीची पश्चिम बाजू कड्यासारखी तुटलेली आहे, म्हणून तिकडे धबधबे जास्त. पूर्वेचा उतार सौम्य, म्हणून तिकडे पाणी नदी होऊन संथ चालतं.

आणि पाऊस थांबल्यावरही नदी वाहते ती कशाने? मॉस स्वतःच्या कोरड्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतं. पण एकट्या मॉसने नदी चालत नाही. पालापाचोळा, मुळांनी भुसभुशीत केलेली माती आणि सच्छिद्र जांभा दगड, हे सगळं मिळून पाणी मुरवतं आणि सावकाश सोडतं. रान उघडं पडलं तर पाणी धावत निघून जातं. आपल्या गावच्या पाण्याचा धागा असा त्या रानाला बांधलेला आहे.

उगमाच्या कुंडात आम्ही पाय घातला नाही. २०२० साली याच ठिकाणच्या एका छोट्या माशाची नवी प्रजाती म्हणून नोंद झाली. तिचं नावच शिस्टुरा हिरण्यकेशी. २०२१ मध्ये राज्य शासनाने ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. आपल्या नदीचं नाव एका माशाला मिळालंय हे ऐकून मुलांनी टाळ्या वाजवल्या.

वर्गात करून पाहण्यासारखं

* शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवरचा वाळलेला मॉसचा रुपयाएवढा तुकडा आणा. त्यावर पाणी शिंपडा. बऱ्याचदा काही मिनिटांत तो उलगडतो आणि हिरवा होतो. आधी आणि नंतर किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावर वजन करा. झालं की तुकडा जागेवर ठेवा.
* घरून मसाल्यातलं दगडफूल मागवा. भिंगातून मॉस आणि दगडफूल शेजारी ठेवून फरक लिहून घ्या.
* मातीचा छोटा डोंगर करा, झारीने पाणी घाला, वाटलं जाणारं पाणी दोन रंगांच्या खडूने कागदावर काढा.
* शाळेच्या आवारात 'शैवाल, मॉस, दगडफूल' शोधून तीन रकान्यांचा तक्ता भरा.

पालकांसाठी दोन शब्द

पावसाळ्यात मुलांना धबधब्याला नेणार असाल तर वरच्या टोकावर जाऊ नका. डोंगरात पाऊस वाढला की खाली ऊन असतानाही पाणी अचानक चढतं. पाणी गढूळ होऊ लागलं, त्यात काटक्या-पानं येऊ लागली की लगेच बाहेर या. गावातला माहितगार सोबत घ्या, वनखात्याच्या सूचना पाळा. सेल्फीसाठी पाठमोरं मागे सरकू नका. फोटो काढताना चालायचं नाही आणि चालताना फोटो काढायचा नाही, एवढा एक नियम घरातल्या सगळ्यांनी पाळला तरी खूप झालं.

आमचे बारा फोटो आता वर्गाच्या भिंतीवर आहेत, उगमापासून ओळीने. तेरावा फोटो मुलांनीच सुचवला : आमच्या गावच्या पुलाखालची रुंद, गढूळ हिरण्यकेशी. तो काढायला पुढच्या शनिवारी अख्खा वर्ग पुलावर जाणार आहे, कठड्याच्या आत उभं राहून.

तुमच्या गावची नदी कोणत्या रानातून येते? एकदा तिच्या उगमाकडे जाऊन या.