शाळेलाही लागते पंचसूत्री

कालवण झाकून, लेकरांना ताटं वाढून आपण रेडिओजवळ बसला आहात, म्हणून आधी तुम्हा सगळ्यांचे आभार. बचत, कर्ज आणि हिशेबाच्या वह्या यांवर आपण नेहमीच बोलतो. आज शाळेवर बोलू. आजच्या विषयाचं नाव जरा भारदस्त आहे, 'संपूर्ण गुणवत्ता व्यवस्थापन'. नावाला बिचकू नका. हे काम आपण दर महिन्याला गटात करतोच, फक्त शाळेच्या दारात पोचलो की विसरतो.

सुरुवात आमच्याच एका बैठकीपासून करू. धारूरकडच्या एका वस्तीवर गटाची बैठक होती. सचिव ताईंचा चष्मा घरी राहिला होता. ज्यांच्या घरी बसलो होतो त्यांची मुलगी पाचवीत. आम्ही म्हटलं, "बाळा, मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचून दाखव." मुलीनं वही घेतली, तारीख वाचली. पुढं एकेका अक्षरावर बोट ठेवत राहिली आणि मान खाली घातली. आम्हाला वाटलं, हाताचं अक्षर आहे म्हणून अडली असेल. दुसरीचं बालभारतीचं पुस्तक आणलं, तर तिथंही तेच. आईनं ट्रंकेतून प्रगतिपत्रक काढलं. त्यात भाषेला 'ब-१' श्रेणी होती. आई म्हणाली, "ताई, मला वाटलं पोरगी शिकती म्हणून."

त्या दिवशी कर्जाचा विषय बाजूलाच राहिला.

पाच वेळा 'का?'

बैठकीत आधी राग निघाला, तो गुरुजींवर. मग आमच्यातल्या एकीनं प्रशिक्षणात शिकलेली एक रीत काढली. कुठंही बिघाड दिसला की 'कुणी केलं?' असं विचारायचं नाही. 'का झालं?' असं विचारायचं, आणि उत्तर मिळालं की त्याच्यावर पुन्हा 'का?'. असं निदान पाच वेळा. जपानमधल्या टोयोटा या मोटार कंपनीमुळं ही रीत जगभर गेली. आम्ही ती आमच्या ओसरीवर वापरली.

मुलीला वाचता का येत नाही? दुसरी, तिसरी, चौथी अशी तिन्ही वर्षं दिवाळीनंतर ती शाळेत नव्हती. का नव्हती? आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली होती. ते फडात आणि ही कोपीवर धाकट्या भावाला सांभाळत. गावात का राहिली नाही? घरी एकटी म्हातारी आजी, तिलाच कुणी करून घालावं लागतं. आणि गावातलं हंगामी वसतिगृह टोळ्या निघून गेल्यावर सुरू झालं. ते उशिरा का सुरू झालं? मागं राहणाऱ्या मुलांची यादी वेळेत तयार झाली नाही, म्हणून प्रस्तावच उशिरा गेला. यादी वेळेत का झाली नाही? त्यासाठीची शाळा व्यवस्थापन समितीची बैठक झालीच नव्हती. वही घरोघर फिरली आणि सह्या झाल्या.

त्या वहीत आमच्या गटातल्या दोघींच्या सह्या होत्या. बोल लावायला बसलो होतो गुरुजींना, आणि पाचवं 'का' आमच्याच पदरात पडलं. गटाच्या वहीवर न वाचता सही करू नका असं आम्ही गावोगाव सांगत फिरतो, आणि लेकरांच्या शाळेच्या वहीवर मात्र चुलीपुढून उठून, पदराला हात पुसून सही करून दिली होती.

हा विचार आला कुठून?

आता त्या भारदस्त नावाकडे वळू. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानचे कारखाने मोडून पडले होते. १९५० साली एडवर्ड्स डेमिंग नावाचे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ तिथं व्याख्यानं द्यायला गेले. त्यांचं सांगणं थोडक्यात असं, की माल तयार झाल्यावर खराब नग वेचून बाजूला काढणं म्हणजे गुणवत्ता नव्हे. काम चालू असताना प्रत्येक पायरीवर पाहा आणि तिथंच दुरुस्त करा. जपानी लोकांनी ते मनावर घेतलं. १९५१ पासून तिथं डेमिंग यांच्या नावानं गुणवत्तेचा पुरस्कार दिला जातो. पुढं १९६० नंतर कामगारांचे छोटे गट आपल्याच कामातल्या अडचणींवर एकत्र बसून उपाय शोधू लागले. त्यांना गुणवत्ता मंडळं म्हणतात. पाहा, तेही गटच!

आपण पापड करतो तेव्हा काय करतो? पीठ घट्ट झालं की सैल, पापडखार नीट पडला की नाही, हे मळतानाच बघतो. वाळलेले पापड डब्यात भरताना कडू लागले तर काही उपयोग नाही. शाळेचंही तसंच आहे. वार्षिक परीक्षा म्हणजे वाळलेला पापड. आपल्याला बघायचं आहे ते मळतानाचं पीठ.

आणि 'संपूर्ण' का म्हणायचं? कारण हे एकट्या गुरुजींचं काम नाही. मुख्याध्यापक, शिक्षक, स्वयंपाक करणारी ताई, अंगणवाडीची ताई, आईबाप, आजी आणि स्वतः मूल, सगळ्यांचा त्यात हात आहे. एका पायरीवर काम ढिलं पडलं की पुढच्या पायरीवर त्याचा भार येतो. पहिलीत अक्षरओळख कच्ची राहिली तर पाचवीच्या शिक्षकाला पहिलीपासून सुरुवात करावी लागते.

शाळेची पंचसूत्री

आता आपली पंचसूत्री आठवा. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नीट हिशेब. या पाच बोटांवर शाळेची गुणवत्ता बसते.

पहिलं, नियमित बैठक. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. या कायद्यानं शाळा व्यवस्थापन समिती दिली. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य आईबाप असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बाया. शाळेचा विकास आराखडा तयार करणं हे याच समितीचं काम आहे. म्हणजे खुर्ची आपल्याला कायद्यानं दिलेली आहे, आपण तिच्यावर बसत नाही एवढंच. बैठकीची तारीख आधी कळली पाहिजे, विषय आधी कळले पाहिजेत आणि सही बैठकीतच झाली पाहिजे.

दुसरं, नियमित बचत. शाळेतली बचत म्हणजे रोजची हजेरी. आज एक दिवस बुडाला तर काय होतं, असं वाटतं. महिन्याला पन्नास रुपये बुडवणाऱ्या ताईलाही तसंच वाटतं. वर्षाच्या शेवटी बेरीज मारली की कळतं.

तिसरं, अंतर्गत कर्ज. गटात ज्यांची बचत जास्त ती ज्यांची नड मोठी त्यांच्या उपयोगी पडते. शाळेतही ज्याला येतं त्यानं न येणाऱ्याला द्यायचं. सातवीची मुलगी दुसरीच्या मुलाला रोज दहा मिनिटं गोष्ट वाचून दाखवू शकते. राज्यात 'पहिले पाऊल' या शाळापूर्व तयारीच्या अभियानात आयांचे गट केले, तेही याच विचारानं. वस्तीतल्या चार-पाच आया एकत्र बसून मुलांकडून खेळातून अक्षरं, आकडे करून घेतात. त्यासाठी आईला स्वतःला फार शिकलेलं असावं लागत नाही.

चौथं, नियमित परतफेड. शिकवलेलं मुलाकडून परत येतंय का, ते बघणं. आपल्यातल्या किती तरी जणी शाळेत पोषण आहार शिजवतात. पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम तांदूळ हे प्रमाण त्यांना तोंडपाठ असतं. ताट वाढण्याआधी मोठ्या माणसानं चव घ्यायची आणि चव नोंदवहीत लिहायचं, हा नियमही ठाऊक असतो. मग आम्हाला प्रश्न पडला, खिचडीची चव रोज घेतो, तर वाचनाची चव कोण घेतं?

ती घेणं सोपं आहे. प्रथम या संस्थेच्या पुढाकारानं २००५ पासून 'असर' नावाची पाहणी होते, तिची रीत घरी वापरता येते. मुलाला आधी अक्षरं दाखवायची, मग सोपे शब्द, मग पहिलीच्या तोडीचा चार ओळींचा उतारा, मग दुसरीच्या तोडीची गोष्ट. जिथं अडेल ती त्याची पायरी. आईला वाचता येत नसेल तर मुलाला म्हणा, "आता पुस्तक मिट आणि गोष्ट सांग." वाचून समजलं असेल तर ते सांगेल. नुसतंच पाठ केलेलं लगेच उघडं पडतं.

पाचवं, हिशेब. पाहिलं ते लिहून ठेवायचं. मुलाचं नाव, महिना आणि पायरी, एवढ्या तीन रकाने पुरे. दोन महिन्यांनी पुन्हा पाहायचं. ठरवा, करा, तपासा, सुधारा आणि पुन्हा ठरवा. गुणवत्तेचं सगळं चाक या चार आऱ्यांवर फिरतं.

पाटी रंगवून भागत नाही

दहा वर्षांमागं आपल्या राज्यात जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांनी आयएसओ प्रमाणपत्र मिळवलं. लोकवर्गणी निघाली, भिंती बोलक्या झाल्या, दप्तर व्यवस्थित लागलं, पाण्याची, स्वच्छतागृहाची सोय झाली. हे चांगलंच झालं. मुलींना स्वच्छतागृह असणं ही लहान गोष्ट नाही. पण ते प्रमाणपत्र कामाच्या पद्धतीचं असतं. आत बसलेल्या प्रत्येक मुलाला वाचता येतं, असं ते सांगत नाही. ते आपल्यालाच बघावं लागतं.

सरकारचीही एक मोजपट्टी आहे, 'शाळासिद्धी'. २०१५ साली ती देशभर आली. तिच्यात ७ क्षेत्रं आणि ४६ मानकं आहेत, आणि शाळेनं आधी स्वतःच स्वतःला तपासायचं असतं. त्यातलं एक क्षेत्र समाजाच्या सहभागाचं, म्हणजे तुमचं-आमचं आहे. समितीच्या बैठकीत मुख्याध्यापकांना विचारा, "सर, आपल्या शाळेनं स्वतःला कोणत्या स्तरावर ठेवलंय आणि पुढच्या स्तरावर जायला आम्ही काय करू?" प्रश्न असा जोडून विचारला की सरही मोकळे होतात.

सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या शाळांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. तिथं विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि बीटमधल्या शिक्षकांनी मिळून शिकवण्याची रीत बदलली. मुलं फरशीवर बसून वस्तू हाताळत, एकमेकांशी बोलत शिकू लागली. राज्यभरातले शिक्षक ते बघायला गेले. आम्हाला त्यातलं हे महत्त्वाचं वाटतं, की एखादी शाळा चमकवण्यापेक्षा सगळा बीट आणि वर्गातलं शेवटचं मूल हे त्यांनी डोळ्यापुढं ठेवलं.

एक सावधगिरी सांगतो. शाळेत परीक्षक होऊन जाऊ नका. दोन शिक्षक आणि चार वर्ग, त्यात सर्वेक्षण, निवडणूक, ऑनलाइन माहिती, हे सगळं त्यांच्याच डोक्यावर असतं. डेमिंगही सांगायचे, बहुतेक दोष माणसात नसून कामाच्या पद्धतीत असतात, आणि जिथं भीती असते तिथं खरी माहिती लपवली जाते. गटात एखादीचा हप्ता चुकला की आपण आधी तिची अडचण विचारतो. गुरुजींनाही तेवढी वागणूक द्या.

कोयता निघण्याआधी

आपल्या जिल्ह्यात या सगळ्याला एक मुदत आहे. मुकादमाची उचल घेतलेली असते, दसरा-दिवाळीला टोळ्या निघतात आणि पट्टा पडेपर्यंत परत येत नाहीत. म्हणून आपलं चाक जून ते सप्टेंबरातच फिरलं पाहिजे. ऑगस्टच्या बैठकीत वस्तीवार यादी करा. कोणतं घर जाणार, कोणतं मूल मागं राहणार, कुणाजवळ राहणार. ती यादी समितीच्या बैठकीत ठेवा, म्हणजे हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत जाईल. जे मूल बरोबर जाणारच आहे त्याचं शिक्षण हमी पत्रक शाळेतून मागून घ्या. कारखान्याजवळच्या शाळेत ते दाखवायचं. तिथं प्रवेश मिळणं हा मुलाचा हक्क आहे, आणि मागं पडलेल्या मुलाला वयाप्रमाणं वर्गात बसवून जादा शिकवणं हेही कायद्यात आहे. मोठ्या मुलामुलींसाठी २०२१ साली संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आली. ऊसतोड कामगार जास्त असलेल्या ४१ तालुक्यांसाठी मुलांची आणि मुलींची मिळून ८२ वसतिगृहं तिच्यात आहेत. आपल्या तालुक्यात सोय कुठं आहे, ते समाजकल्याण कार्यालयात विचारा.

मुलींसाठी हे जास्त तातडीचं आहे. मुलगी मागं ठेवायची तर आईच्या जिवाला घोर, आणि बरोबर न्यायची तर शाळा सुटते. शाळा सुटली की घरात पुढचा विषय लग्नाचाच निघतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

आमच्या त्या वस्तीवर पुढच्या वर्षी यादी दसऱ्याआधी गेली. सगळी मुलं थांबली असं नाही, काही घरं लेकरं घेऊन गेलीच. पण ती मुलगी थांबली. सातवीची एक मुलगी रोज संध्याकाळी तिला घेऊन बसायची. पट्टा पडून आई परत आली, तेव्हा बैठकीत आम्ही पुन्हा तीच वही पोरीच्या हातात दिली. अडखळत वाचलं, दोन जोडाक्षरं चुकली, पण इतिवृत्त शेवटपर्यंत वाचलं. आईनं डोळ्याला पदर लावला. सचिव ताई म्हणाल्या, "आता चष्मा विसरला तरी चालतंय."

तर मैत्रिणींनो, या महिन्याच्या बैठकीत एक विषय वाढवा. प्रत्येकीनं आपल्या एका लेकराला गोष्ट वाचायला लावायची आणि त्याची पायरी वहीत लिहायची. रागवायचं नाही, हसायचं नाही. कुठं अडतंय ते कळलं की मग शाळेत जाऊ, समितीत बसू, आणि सही तिथंच करू.