लो केलेल्या गाडीखाली जॅक जात नाही? विकत घेण्याआधी ही तीन मापं घ्या

ज्यांना आत्ता हेडफोन लावून ऐकणं जमत नाहीये, त्यांच्यासाठी आजचा भाग इथे वाचायला.

सुरुवात एका किश्श्यापासून करतो. मागच्या पावसाळ्यात माझ्या मावसभावाच्या हॅचबॅकचं मागचं चाक सोसायटीच्या पार्किंगमध्ये पंक्चर झालं. स्प्रिंग बदलून गाडी जवळजवळ दोन इंच खाली घेतलेली. शेजारच्या काकांचा ट्रॉली जॅक आणला, तर तो आत जाईचना. मग भाऊसाहेबांनी गाडीसोबत आलेला कात्री जॅक तिरका घुसवला आणि गाडी उचलली. पार्किंगला थोडा उतार होता, गिअर न्यूट्रलमध्ये होता. चाक निघालं, गाडी हळूच पुढे सरकली, जॅक आडवा झाला आणि ब्रेकचा ड्रम थेट फरशीवर आदळला. हात क्षणभर आधीच बाहेर आला होता, म्हणून आज हा किस्सा हसत सांगता येतोय.

गाडी लो करताना आपण स्प्रिंग, अलॉय, टायर सगळं बघतो. जॅकचा विचार मात्र पंक्चर झाल्यावरच होतो. तर आज तेच बोलूया.

पहिलं माप: जॅक किती खाली बसतो

साध्या ट्रॉली जॅकचं डोकं पूर्ण खाली असतानाही जमिनीपासून साधारण १३० ते १४० मिलिमीटर वर असतं. लो-प्रोफाईल जॅकचं ७५ ते ९० मिलिमीटरवर. दुकानात जायच्या आधी गाडी सपाट जागी उभी करा आणि दाराखालच्या पट्टीवर जिथे जॅक लावायची खूण असते, तिथली उंची टेपने मोजा. साइड स्कर्ट लावला असेल तर त्याच्या खालच्या कडेपासून मोजा, कारण जॅक तिथूनच आत जाणार. आणि हो, टायर बसला की गाडी अजून काही सेंटीमीटर खाली येते, तेवढी जागा हिशोबात धरा.

दुसरं माप: जॅक किती वर जातो

इथे बरेच जण फसतात. "गाडी खाली आहे, म्हणजे थोडीशी उचलली तरी चालेल" असं वाटतं ना? नाही चालत. फक्त स्प्रिंग बदलल्या असतील आणि शॉक ॲब्जॉर्बर कंपनीचेच असतील, तर गाडी वर जाताना शॉक पूर्ण ताणला जाईपर्यंत चाक खाली लोंबत राहतं. म्हणजे चाक जमीन सोडतं ते मूळ गाडी जितकी उचलावी लागायची तितक्याच उंचीवर. सुरुवात दोन इंच खालून, पण पोहोचायचं तिथेच. म्हणून बॉक्सवर कमाल उंचीचा आकडाही वाचा. स्वस्तातले छोटे जॅक ३३०-३५० मिलिमीटरवर थांबतात. जॅक स्टँड लावायचे असतील तर त्याहून जास्त उंची देणारा बघा.

तिसरं माप: पोहोच आणि दांडा

पुढून मधोमध उचलायची असेल तर बंपरच्या खालून बरंच आत जावं लागतं. त्यासाठी जॅकचं अंग लांब हवं. शिवाय दांडा हलवायला जागा लागते. बंपर खाली असला की पहिले काही झटके अर्धेच बसतात.

वजनाचं म्हणाल तर हॅचबॅक किंवा छोट्या सेडानला २ टनी जॅक पुरतो, कारण आपण एका वेळी गाडीचं एकच टोक उचलतो. स्टीलचा जड पण स्वस्त, ॲल्युमिनियमचा हलका पण महाग.

नवा जॅक लगेच घेणं शक्य नसेल तर एक जुगाड आहे, आणि तो सुरक्षितही आहे. दीड इंच जाडीच्या, टायरपेक्षा रुंद अशा लाकडी फळ्यांवर गाडी चढवा. तेवढ्याने जॅक आत जायला जागा होते. विटा मात्र अजिबात नकोत, त्या भाराखाली फुटतात.

आता वापरायचा कसा

१. जागा सपाट आणि टणक हवी. जॅकचं डोकं सरळ वर जात नाही, कमानीत फिरतं, त्यामुळे उचलताना जॅकची चाकं थोडी सरकावी लागतात. चिखलात किंवा उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर ती अडकतात आणि डोकं गाडीवरून घसरतं.

२. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये टाका आणि न उचललेल्या चाकांना दोन्हीकडून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. आपल्या बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतो. मागचं एक चाक उचललं की तो अर्धाच उरतो, दोन्ही उचलली की शून्य. भाऊसाहेबांचं गणित इथेच चुकलं.

३. चाकाचे नट चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल करा.

४. जॅक खुणेवरच लावा आणि मध्ये खाच असलेला रबरी पॅड ठेवा. ऑइल चेंबर, सायलेन्सरचा पाइप किंवा पातळ पत्र्याच्या तळावर जॅक लावू नका.

५. गाडीखाली जायचं असेल तर आधी जॅक स्टँड लावा, गाडी हळूच त्यावर टेकवा आणि हाताने हलवून बघा. ट्रॉली जॅकमध्ये गाडी तेलाच्या दाबावर उभी असते. एक सील गळलं तरी ती खाली येते. जॅक उचलायला, स्टँड धरून ठेवायला, एवढं पाठ करा.

६. गाडी खाली घेताना स्प्रिंग आपल्या जागी नीट बसतेय का बघा. कापलेल्या किंवा फार आखूड स्प्रिंग चाक लोंबताना सैल होऊन सरकतात. शेवटी चाक जमिनीला टेकल्यावर नट समोरासमोरचे असे फुलीत घट्ट करा.

बस, एवढंच. आज संध्याकाळी खाली उतरा, टेप घ्या, आणि पट्टीपासून जमिनीपर्यंतचं माप मोबाईलमध्ये लिहून ठेवा. जॅक घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराने "बसेल हो साहेब" म्हटलं, तरी तो आकडा दाखवा आणि जॅक समोर मोजून घ्या.

तुमची गाडी किती मिलिमीटरवर आहे, ते आम्हाला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात. हात सांभाळा!