तीन टक्क्यांचा डोळा

चुन्याची पुडी पोराच्या हातात दाबली जाते, फटकन फुटते आणि चुना थेट डोळ्यात. भारतातल्या नेत्रतज्ज्ञांना हा अपघात चांगलाच ओळखीचा आहे. चुना वरवर जाळून थांबत नाही, आत उतरत जातो. काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर मूळपेशींचा अरुंद पट्टा असतो, लिंबस. तो जळाला की कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, रोजची डागडुजीच बंद पडते आणि शेजारचं आवरण रक्तवाहिन्यांसकट त्यावर सरकतं. नेत्रदानातून आलेला कॉर्निया बसवला तरी टिकत नाही, कारण नव्या पेशी पुरवणारं कोठारच उरलेलं नसतं.

दुसरा डोळा शाबूत असेल तर वाट आहे. इटलीतल्या ग्राझिएला पेलेग्रिनी आणि मिकेले दे लुका यांनी ती १९९७ मध्ये दाखवली. चांगल्या डोळ्याच्या लिंबसचा एक-दोन चौरस मिलिमीटर तुकडा घ्यायचा, प्रयोगशाळेत वाढवायचा आणि जखमी डोळ्यावर रोपायचा. या पेशींचे लाड फार! ३७ अंश तापमान हवं, मोजून दिलेला कार्बन डायऑक्साइड हवा, शिवाय बशीच्या तळाशी उंदराच्या पेशींचा थर. किरणोत्सर्गाने त्यांचं विभाजन थांबवलेलं असतं. त्या फक्त दाईचं काम करतात.

गोम पुढेच आहे. बशी भरली म्हणजे काम झालं असं नाही, तिच्यात मूळपेशी पुरेशा हव्यात. मूळपेशी आणि तिच्या दमलेल्या लेकी नुसत्या पाहून ओळखू येत नाहीत. इथे प्रतिपिंड कामाला येतं. मूळपेशींच्या केंद्रकात पी-६३ हे प्रथिन भरपूर असतं. त्यालाच चिकटणारं प्रतिपिंड नमुन्यावर सोडायचं आणि चमकणाऱ्या पेशी मोजायच्या. अशी एकसारखी प्रतिपिंडं हवी तेवढी बनवण्याची युक्ती कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये केंब्रिजला शोधली: लस दिलेल्या उंदराची प्रतिपिंड करणारी पेशी आणि न मरणारी कर्कपेशी यांचं लग्न लावायचं.

इटालियन गटाने २०१० मध्ये ११२ रुग्णांचा हिशोब मांडला. ठळक चमकणाऱ्या पेशी तीन टक्क्यांहून जास्त होत्या, तिथे ७८ टक्के रुग्णांत रोपण टिकलं. त्याहून कमी होत्या, तिथे फक्त ११ टक्क्यांत. २०१५ मध्ये याच तंत्रावरच्या ‘होलोक्लार’ला युरोपात सशर्त मंजुरी मिळाली.

हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत मात्र विरेंदर सांगवान आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रयोगशाळाच वगळली. त्याच तुकड्याचे बारीक कण करून ते वारेच्या पातळ पडद्यावर, थेट जखमी डोळ्यात चिकटवले. खर्च घटला. बशी मात्र रुग्णाचा डोळाच, त्यामुळे किती पेशी चमकतात हे आधी मोजायची सोय उरली नाही.