दम्याचा पंप सोडू नका. ताटातल्या कडधान्याची त्याला जोड द्या

गहू-हरभऱ्याची मळणी सुरू झाली की गावोगावी दमेकऱ्यांची धाप वाढते. भुसा, धूळ, गोधडीतले डोळ्याला न दिसणारे किडे यांची ॲलर्जी असली की श्वासनळी आतून सुजते, आवळते. डॉक्टर रोजचा पंप देतात. पण ‘स्टेरॉइड’ म्हटलं की घरचे घाबरतात, आणि जरा बरं वाटलं की पंप बंद होतो. घात तिथंच होतो, कारण सूज आत तशीच राहते.

पंपात औषध किती?
बुडेसोनाइडच्या पंपातून एका दाबाला साधारण 100 ते 200 मायक्रोग्रॅम औषध येतं. 1 मिलिग्रॅम म्हणजे 1000 मायक्रोग्रॅम. गोळीचं औषध सगळ्या अंगात फिरतं, पंपाचं मुख्यतः श्वासनळीतच काम करतं.

आतड्याचा काय संबंध?
कांदा, लसूण, गहू, हरभरा, मटकी, हुलगा यातला काही भाग आपल्याला पचत नाही. तो मोठ्या आतड्यातल्या चांगल्या जंतूंचं खाद्य होतो. यालाच प्रीबायोटिक म्हणतात. जंतू त्यापासून जी आम्लं तयार करतात, ती रक्तात जाऊन ॲलर्जीचा भडका कमी करू शकतात.

नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी धुळीच्या किड्यांची ॲलर्जी असलेल्या उंदरांना दुधातल्या साखरेपासून बनवलेलं प्रीबायोटिक आणि बुडेसोनाइड एकत्र दिलं. 2018 साली आलेल्या निष्कर्षात फुप्फुसातले ॲलर्जी भडकवणारे घटक कमी झालेले दिसले. पण हे उंदरांवरचं काम आहे. माणसांवरच्या चाचण्या अजून छोट्या आहेत. म्हणून कडधान्य ही जोड झाली, पंपाला पर्याय नाही.

एवढं पाळा
- डॉक्टरांना न विचारता पंप बंद किंवा कमी करू नका.
- पंप घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंका, नाहीतर तोंडात पांढरा चट्टा येतो.
- कडधान्य हळूहळू वाढवा, एकदम खाल्लं तर पोट फुगतं. ज्या पदार्थाची ॲलर्जी आहे तो टाळा.
- प्रीबायोटिकची महाग पावडर कुणी ‘दमा मुळापासून घालवते’ म्हणून विकत असेल तर घेऊ नका.
- मळणीला नाका-तोंडाला मास्क लावा.

बोलताना दम लागला, ओठ निळे पडले, तर वाट बघू नका. लगेच 108 ला फोन लावा.