प्रशिक्षणाचं कंत्राट: हप्ता कशावर सुटतो ते बघा

तालुक्याच्या गावात इलेक्ट्रिशियनचा, शिवणकामाचा किंवा डेटा एन्ट्रीचा सरकारी वर्ग सुरू झाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "कोणाच्या तरी माणसाला कंत्राट मिळालंय." कधी कधी ते खरंही असतं. पण बोलणं तिथेच संपतं आणि त्या वर्गात बसलेल्या तीस माणसांचं काय होणार, हे विचारायचं राहून जातं. या कंत्राटांबद्दलचे आपले बरेच समज बांधकामाच्या निविदांवरून आलेले आहेत. प्रशिक्षणाचं काम वेगळ्या रीतीने दिलं जातं.

सगळ्यात पक्का समज असा, की जो सर्वांत कमी दर भरतो त्याला काम मिळतं आणि म्हणून शिकवणं निकृष्ट होतं. पण अशा वर्गांची प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनाच घ्या: ती १५ जुलै २०१५ ला सुरू झाली. त्याच दिवशी केंद्र सरकारने सामायिक निकष अधिसूचित केले आणि त्यांत प्रत्येक उमेदवारामागे तासाचा दरच ठरवून टाकला. व्यवसायाच्या गटानुसार तो ३८.५० रुपये, ३३ रुपये आणि २७.५० रुपये होता. पुढे हे दर वाढत गेले, पद्धत तीच राहिली. दर आधीच ठरलेला असल्यावर बोलीत कमी-जास्त करायला जागा कुठली? संस्थेकडे कार्यशाळा आहे का, शिक्षक पात्र आहेत का, आधीच्या तुकड्यांचं काय झालं, हे पाहून प्रशिक्षण केंद्राला मान्यता मिळते. मग 'लक्ष्य' मिळतं, म्हणजे कोणत्या कोर्सला किती उमेदवार. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात तीन चतुर्थांश लक्ष्य केंद्र सरकारकडून आणि एक चतुर्थांश राज्यांमार्फत वाटलं गेलं. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र राज्य कौशल्य विकास सोसायटीकडे असतं. वशिला लागायचाच असेल तर तो प्रशिक्षण केंद्राच्या तपासणीत आणि लक्ष्याच्या वाटपात लागतो. आपण मात्र दरपत्रकाकडे बघत बसतो.

(जिथे खुली निविदा निघते तिथे एकच बोली आली म्हणजे घोटाळा झाला, असंही सर्रास म्हटलं जातं. जाहिरात नीट दिली असेल, अटी मुद्दाम आवळलेल्या नसतील आणि दर वाजवी असेल, तर केंद्र सरकारचे २०१७ चे सर्वसाधारण वित्तीय नियम एकमेव बोली स्वीकारायला हरकत घेत नाहीत. संशय घ्यावा तो अटींवर.)

दुसरा समज असा, की उमेदवाराला नोकरी लागल्यावरच संस्थेला पैसे मिळतात. इथे जरा हिशेब मांडून बघू. ४०० तासांचा कोर्स, दर २०१५ च्या वरच्या गटाचा, म्हणजे माणशी १५,४०० रुपये. तीस जणांच्या तुकडीचे ४,६२,००० झाले. त्या निकषांप्रमाणे ३० टक्के तुकडी सुरू होताना, ५० टक्के उमेदवार परीक्षा पास होऊन प्रमाणपत्र मिळाल्यावर आणि २० टक्के रोजगाराच्या निकालावर मिळायचे. तीसही जण पास झाले असं धरलं, तर कोणालाही नोकरी लागण्याआधी संस्थेकडे ३,६९,६०० रुपये आलेले असतात. उरले ९२,४००. ते पूर्ण मिळायला प्रमाणपत्रधारकांपैकी ७० टक्के, म्हणजे एकवीस जण, तीन महिन्यांच्या आत कामाला लागलेले दाखवायचे. पन्नास टक्क्यांच्या खाली गेलं की हा हप्ता बुडाला.

आता हे एकवीस जण गोळा करायचे म्हणजे काय ते बघा. करमाळ्याच्या मुलीला चाकणच्या कारखान्यात काम मिळतं. खोलीचं भाडं, मेस, रात्रपाळी आणि घरच्यांचा नकार, या सगळ्यात ती महिन्याभरात परत येते. तिच्यामागे फोन करणारा, राहायची सोय बघणारा, पगाराची पावती मिळवणारा माणूस ठेवायचा तर त्याला पगार द्यावा लागतो. स्त्रियांना, अपंगांना आणि विशेष क्षेत्रांतल्या उमेदवारांना नोकरीच्या सुरुवातीला दरमहा १,५०० रुपयांचा आधार द्यायची तरतूद २०१५ च्या निकषांत होती, पण तेवढ्या पैशात चाकणला खोली मिळत नाही. त्यापेक्षा शेवटच्या हप्त्यावर पाणी सोडून पुढची तुकडी भरणं संस्थेला सोपं जातं. माझ्या मते या योजनांचं सगळ्यात मोठं दुखणं हेच आहे आणि ते कंत्राट कोणाला दिलं यावर अवलंबून नाही.

मग सगळेच पैसे नोकरीवर का बांधू नयेत? हा उपाय ऐकायला सरळ वाटतो. अमेरिकेत १९८२ च्या रोजगार प्रशिक्षण कायद्याखाली केंद्रांना अशाच निकालांवर तोललं गेलं. जेम्स हेकमन (अर्थशास्त्राचं नोबेल, २०००) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. लगेच मोजलेली नोकरी आणि पगार यांवरून प्रशिक्षणाने त्या माणसाचं पुढे किती भलं झालं ते फारसं कळत नाही, असं त्यांना दिसलं. शिवाय नोकरीवरच पैसे असले की ज्याला कोर्सशिवायही काम मिळालं असतं अशालाच प्रवेश द्यायचा मोह होतो. बारावी झालेला बावीस वर्षांचा मुलगा आत येतो आणि चाळिशीत काम सुटलेली बाई दारातून परत जाते. तिच्यासाठीच सरकारने पैसे खर्च करायला हवे होते. प्रवेश कोणाला दिला याची अट आणि अवघड उमेदवारासाठी जास्त दर, हे दोन्ही करारातच लिहिल्याशिवाय तिला जागा मिळणार नाही.

प्रमाणपत्रांच्या आकड्याचंही असंच. 'पूर्वज्ञान मान्यता' या प्रकारात वर्षानुवर्षं काम करणाऱ्या गवंड्याला किंवा वायरमनला थोडी ओळख करून देऊन, परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देतात. ते त्याच्या उपयोगाचं आहे, पण तो तिथे नवं काही शिकला असं होत नाही. एकूण आकड्यात मात्र तो आणि नव्याने शिकलेला, दोघेही 'प्रशिक्षित'. २०२५ च्या डिसेंबरमध्ये संसदेत मांडलेल्या, याच योजनेवरच्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात अल्पकालीन प्रशिक्षण आणि विशेष प्रकल्पांतल्या प्रमाणपत्रधारकांपैकी ४१ टक्क्यांना काम मिळाल्याचं नोंदवलं आहे. त्याच अहवालात, तपासलेल्या नोंदींपैकी ९४ टक्क्यांहून जास्त उमेदवारांच्या बँक खात्याच्या रकान्यात शून्यं, निरर्थक अक्षरं किंवा कोरी जागा सापडली. योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांत नोकरीचा माग ठेवला जायचा. चौथ्या टप्प्यात, म्हणजे २०२२ पासून, नोकरीवरचा तो भर काढून टाकला. मला हे पाऊल चुकीचं वाटतं. आकडा वाईट येतो म्हणून मोजणं सोडायचं नसतं.

कंत्राटच नको, पैसे थेट शिकणाऱ्याच्या हातात द्या, असंही काही जण मनापासून सांगतात. इंग्लंडने ते करून पाहिलं. सप्टेंबर २००० मध्ये तिथे प्रौढांसाठी वैयक्तिक शिक्षण खाती सुरू झाली. शिकवणाऱ्या संस्थांची दर्जातपासणी ठेवलीच नव्हती. खोटी खाती निघाली, न शिकवलेल्या कोर्सची बिलं निघाली आणि नोव्हेंबर २००१ मध्ये योजना घाईघाईने बंद करावी लागली. गैरव्यवहाराची रक्कम ९ कोटी ७० लाख पौंडांपर्यंत असू शकते, असा तिथल्या लेखापरीक्षकांचा अंदाज होता.

शेवटचा समज हताशपणाचा आहे: "आपल्याला कोण कागद दाखवतंय?" माहिती अधिकार कायदा २००५ खाली करार, लक्ष्यवाटपाचा आदेश, प्रशिक्षण केंद्राच्या तपासणीचा अहवाल आणि संस्थेला दिलेल्या हप्त्यांची देयकं मागता येतात. 'व्यापारी गुपित' म्हणून नकार आला, तर त्याच कलमात जनहितासाठी माहिती देण्याची मुभा आहे, तिचा उल्लेख करून अपील करावं. उमेदवारांची नावं मागू नयेत, ती खासगी माहिती ठरते. संख्या मागावी: किती जणांचा प्रवेश झाला, किती परीक्षेला बसले, किती पास झाले, तीन महिन्यांनी किती कामावर होते, त्यांत बायका किती, पस्तिशीच्या पुढचे किती. अर्ज तुकडी संपून सहा महिने झाल्यावर करावा, म्हणजे जिथे शेवटचा हप्ता नोकरीशी जोडलेला असेल, तिथे त्याचा निकालही त्यात येतो.