विहिरीतला सूर आणि मानेचा मणका

उन्हाळा लागला की वैराग परिसरातील विहिरी पोरांनी गजबजतात. पोहण्यासारखा व्यायाम नाही. पण डोक्याकडून मारलेला सूर घातक ठरू शकतो. दिवाळीत जिथे दोन पुरुष पाणी असते, तिथे मे महिन्यात कमरेएवढेही उरत नाही आणि खाली काळा पाषाण असतो. त्यावर डोके आपटले की मागून येणाऱ्या शरीराचा सारा भार मानेवर पडतो. मानेत ७ मणके असतात. त्यांतील बहुधा पाचवा किंवा सहावा मोडतो. आतल्या मज्जारज्जूला इजा झाली तर हातपाय जागीच लुळे पडतात आणि मुलगा पालथा तरंगत राहतो. काठावरच्यांना ती मस्करी वाटते.

वाचकहो, मणका मोडला म्हणजे मज्जारज्जू तुटलाच, असे नसते. पुष्कळदा तो थोडक्यात वाचलेला असतो. आपण बखोटीला धरून ओढतो किंवा काखेत दोर घालून वर खेचतो, तेव्हा मान लटकते आणि उरलीसुरली आशा संपते. म्हणून जीवरक्षकांना शिकवतात ती रीत मी येथे देतो.

पोहता येणाऱ्यानेच पाण्यात उतरावे, तेही उडी न मारता. रुग्णाच्या बाजूला जाऊन त्याचे दोन्ही दंड धरावेत, हात डोक्यावर सरळ न्यावेत आणि दंड कानांवर घट्ट दाबावेत. आता डोके दोन फळ्यांत धरल्यासारखे स्थिर होते. तसेच धरून त्याला थोडे पुढे न्यावे व सावकाश उताणे करावे.

मग श्वास पाहावा. श्वास नसेल तर मानेपेक्षा श्वास मोठा! फळीची वाट न पाहता, मान शक्य तितकी सरळ ठेवून लगेच बाहेर काढावे. डोके मागे न वाकवता जबडा पुढे उचलून तोंडाने श्वास द्यावा. प्रतिसाद नसेल तर छातीवर ३० दाब व २ श्वास, असे मदत येईपर्यंत चालू ठेवावे. पोट दाबून पाणी काढणे किंवा उलटे धरून फिरवणे, हे प्रकार करू नयेत.

श्वास चालू असेल तर घाई नको. त्याला तसेच तरंगत ठेवावे. बाजेवर रुंद फळी बांधून ती चार दोरांनी सोडावी, पाण्यातच त्याच्याखाली सरकवावी व त्याला फळीला बांधून बाज आडवीच वर घ्यावी. डोके धरणाऱ्याचाच हुकूम बाकीच्यांनी पाळावा. वर आल्यावर डोक्याच्या दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या लावाव्यात. उलटी झाल्यास डोके, धड व पाय एकदमच कुशीवर वळवावेत. पाणी पाजू नये, बसवू नये, मोटारसायकलवर तर मुळीच नेऊ नये. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मिळते, तिलाच बोलवावे.

हे सारे टाळणे मात्र सोपे आहे. आधी पाण्यात उतरून खोली पाहावी आणि पहिली उडी नेहमी पायांकडून मारावी. पालकांनी एवढे आजच मुलांना बजावावे.